बारीक आहे, पण येतोय

वेंकोबाराव विचारण्याला ऐकणं म्हणायचे. तमिळमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, ‘केळ’. वेंकोबारावांची मराठी तंजावरकडची, पिढ्यान् पिढ्या तमिळच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली. तेव्हा तिनंही शेजारणीचा हा गुण उचलला होता. ‘त्याला विचारा’ म्हणायचं असलं की ते ‘त्याला ऐका’ म्हणत. मी पहिल्यांदा त्यांच्या गाळ्यावर गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, ‘‘गाडीला हात लावायच्या आधीं मी तुम्हांला ऐकणार.’’

मी म्हटलं, ऐका की, मला बोलायला केव्हाही आवडतं. ते हसले नाहीत. त्यांनी एकामागून एक प्रश्न सुरू केले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी केव्हा घेतली, बॅटरी कधी बदलली, डेक कुणी बसवला, आवाज गाडी उभी असताना येतो की चालू असताना, दिवे लावले की वाढतो का, आणि शेवटी, गाडीत आणखी काय काय लावता. डॉक्टरसुद्धा आजकाल एवढं विचारत नाहीत. मला मनातून हसू येत होतं, कारण नगरसारख्या अस्सल मराठी गावातून आलेल्या माणसाला तंजावरी मराठी ऐकली की आपण भाषेचे मालक असल्यासारखं वाटतं. ‘थोर आवाज’ म्हणजे त्यांच्याकडे नुसता मोठा आवाज. मी त्यांना एकदोनदा सुधारलंही. ते मान हलवून ‘‘बेष’’ म्हणत आणि पुन्हा आपलंच बोलत.

माझी ओळख करून द्यायची तर मी उन्मेष, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात तपासनीस. तयार होऊन आलेल्या वस्तूत खोट काढणं हे माझं काम, आणि ते काम मी घरीही आणतो असं माझी बायको यामिनी म्हणते. २००४ साली बदली होऊन आम्ही चेन्नईत आलो, अंबत्तूरला भाड्यानं घर घेतलं आणि वर्षभरात एक जुनी गाडी घेतली. गाडीपेक्षा तिच्यातल्या गाण्यांची हौस जास्त. सीडीचा डेक, चार स्पीकर, सीटखाली अँप्लिफायर. पण गाणं लावलं की मागून एक ‘कुंई’ असा आवाज यायचा, आणि अॅक्सिलरेटर दाबला की तोही वर चढायचा. आलापाच्या मागे डास बसल्यासारखं वाटायचं.

कुणीतरी सांगितलं, अंबत्तूरच्या औद्योगिक इस्टेटीतल्या वेंकोबारावांकडे जा, त्यांना कान आहे. त्यांचा गाळा एका लेथच्या कारखान्याला लागून होता. साठी उलटलेली, अंगकाठी बारीक, कपाळावर अंगारा-अक्षता, लुंगीसारखी दुमडलेली वेष्टी आणि सदऱ्याच्या खिशात टेस्टर. वडील कुंभकोणमला रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली हे सातव्या वर्षापासून. इतर दुकानदार गाडी आली की आधी पाने-पक्कड काढतात. वेंकोबाराव मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसत.

त्या दिवशी त्यांनी मला इंजिन चालू करून अॅक्सिलरेटर द्यायला सांगितलं आणि तो आवाज जसा चढला तसा स्वतःच्या गळ्यातून काढून दाखवला, अगदी हुबेहूब. इंजिनबरोबर चढतो म्हणजे डायनॅमोचा, असा पहिला निकाल. मग डेकचा आवाज शून्यावर आणला. तरी ‘कुंई’ होतीच. म्हणजे डेकच्या पुढे काहीतरी. सीट काढली. अँप्लिफायरची अर्थची वायर गाडीच्या तळाला स्क्रूनं पिळलेली होती, पण खालचा पत्रा रंगवलेला. अर्थला ते भूमी म्हणत. ‘‘भूमीला रंग नको,’’ ते म्हणाले, आणि पॉलिश पेपरनं घासून घासून रुपयाएवढा पत्रा चकचकीत केला. मग बॅटरीची वायर आणि गाण्याची वायर एकाच बाजूनं नेलेली होती, ती वेगळी केली. सासू-सुनेला एका खोलीत ठेवू नये, एवढंच कारण सांगितलं. पुन्हा मागे जाऊन बसले, डोळे मिटले, थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘हां. सांपडलें.’’ दोष मिळाला की ते एवढंच बोलत, असं मला पुढे कळलं. गाणं इतकं स्वच्छ वाजू लागलं की मी घरी न जाता तसाच पार पेरुंगुडीपर्यंत चक्कर मारून आलो.

त्या वर्षीच्या रामनवमीला त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्याकडच्या दहा-बारा कुटुंबांचं भजन एका छोट्या हॉलमध्ये असे. पानक पिऊन आणि कोसुंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, खाऊन आम्ही सतरंजीवर बसलो. वेंकोबाराव तंबोरा लावत होते. अर्धा तास लावत होते. एक मणी इकडे, एक दोरा तिकडे, पुन्हा कान खाली. हॉलमध्ये पन्नास माणसं, पण घाई कुणालाच नाही. मी त्यांची मुलगी चंद्रिका हिला हळूच विचारलं, एवढा वेळ का. ती शाळेत गणित शिकवायची, बोलणं नेमकं. ती म्हणाली, ‘‘अप्पा लावल्यावरच अस्की गातात. आजोबा गेल्यापासून तेच लावतात.’’ अस्की म्हणजे सगळे. मग तंबोरा वाजू लागला आणि सगळे आपोआप सुरात आले. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण त्या दिवशी यामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता माझं पाप सांगतो.

सात-आठ महिन्यांनी तो आवाज पुन्हा आला. या वेळी बारीक, एकसुरी, शीळ घातल्यासारखा. मला खात्रीच झाली की जुनी दुरुस्ती सुटली. शनिवारी गाडी घेऊन गेलो. वेंकोबारावांनी पुन्हा मला ‘ऐकलं’: आवाज चढतो का, थांबतो का, गाडीत नवीन काही लावलंत का. मी म्हटलं, काही नाही. मग ते मागे बसले, डोळे मिटले. आवाज येतच नव्हता. मलाही आला नाही. दात दुखतो म्हणून जावं आणि खुर्चीत बसल्यावर दुखायचा थांबावा, तसं झालं. तरी त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दिवसभर बसून साऱ्या जोडण्या पुन्हा केल्या. घरी येताना आवाज हजर.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. या वेळी यामिनी बरोबर होती, कारण तिथून आम्हाला एका लग्नाला जायचं होतं. ती गाडीत पुढे बसलेली, रेशमी साडीत घामाघूम. बाहेर आणखी एक गिऱ्हाईक उभं, टेम्पोवाला. नवीन काही लावलंत का, हे वेंकोबारावांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग ते मागे बसले. इंजिन चालू, डेक चालू. बराच वेळ गेला. मग म्हणाले, ‘‘सार, मला कांहीं येत नाहीं.’’

मलाही येत नव्हता. हे मी आज लिहितोय तितकंच स्पष्ट मला तेव्हाही माहीत होतं. पण तिसऱ्यांदा आलो होतो, बायकोसमोर, परक्या माणसासमोर, आणि येत नाही म्हणालो असतो तर मीच वेडा ठरत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली खोट काढणाऱ्या माणसाला हे जमत नाही. मी म्हणालो, ‘‘येतोय की. बारीक आहे, पण येतोय.’’

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. कपाळाची शीर ताणलेली दिसली. मी त्यांच्याकडे आरशातून बघत होतो. ते म्हणाले, नाही येत. आणि मग मी, माझी जीभ झडो, शहाणपणा शिकवला. म्हटलं, वेंकोबाराव, वय झालं की वरचे सूर आधी जातात, एकदा कान तपासून घ्या. टेम्पोवाल्याला तमिळशिवाय काही येत नव्हतं, पण मी कानाला बोट लावून दाखवलं होतं, तेवढं त्याला समजलं. तो हसला.

वेंकोबाराव खाली उतरले, टेस्टर खिशात ठेवला आणि मला म्हणाले, मग माझं चुकलं असेल, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. लग्नाच्या मंडपाच्या दाराशी यामिनी एवढंच म्हणाली, ‘‘मला नव्हता आला.’’ मी म्हटलं, तुला कुठं कळतंय. आवाजाचं पुढे मी कुणाकडेच काही केलं नाही. खिडकी उघडी ठेवली की ऐकू येत नसे.

पुढच्या रामनवमीला आमंत्रण आलं. मला जायचं नव्हतं, यामिनीनं नेलं. हॉल तोच, माणसं तीच. व्यासपीठावर एका लहान पेटीला वायर लावलेली होती आणि तिच्यातून तंबोऱ्याचा आवाज येत होता, विजेवर चालणाऱ्या यंत्राचा. वेंकोबाराव शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी दिसल्यावर हात जोडले, बेष असा का, म्हणजे बरे आहात ना, असं विचारलं. चंद्रिकेनं पानक देताना सांगितलं की अप्पा आता तंबोरा लावत नाहीत. कुणा गिऱ्हाइकानं कानाबद्दल काही म्हटलं, म्हणून ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं आलेख काढला. आलेख उजवीकडे खाली उतरत होता. डॉक्टर म्हणाले या वयात सगळ्यांचाच उतरतो, यात काही नाही. पण अप्पांनी फक्त उतरणारी रेघ पाहिली. गाळ्यात गाण्याचं काम बंद केलं, आता हॉर्न आणि दिवे तेवढे बसवतात.

‘‘कुठला गिऱ्हाईक, नाव सांगत नाहींत,’’ ती म्हणाली. ‘‘मी किती वेळा ऐकलें.’’

पानकाचा पेला माझ्या हातात होता. तेव्हाही मी स्वतःला समजावलं की आवाज तर होताच, गाडीत तो रोज यायचा, त्या एका दिवशी काय तो नव्हता. म्हणजे मी फार खोटं बोललो नाही. माणूस स्वतःचा वकील झाला की खटला कधीच हरत नाही.

तो खटला हरलो चेन्नईजवळच्याच कोवलमच्या रस्त्यावर. एका रविवारी आम्ही मासे आणायला म्हणून समुद्रकाठानं निघालो होतो. खिडक्या बंद, कारण वाळू उडत होती; गाणं चालू, आणि मागे ती बारीक शीळ. सिगरेट लायटरच्या भोकात माझ्या मोबाइलचा चार्जर खोचलेला होता. फुटपाथवर घेतलेला, बिननावाचा, लाल दिव्याचा. त्याची वायर यामिनीच्या पर्सच्या पट्ट्यात अडकली आणि तिनं वैतागून चार्जर उपसून काढला. शीळ थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. परत खोचला, शीळ. काढला, शांत.

चार्जर मी घेतला होता तो आवाज सुरू होण्याच्याच आठवड्यात. आणि गाडी कुठेही सोडायची असली की तो काढून मी खिशात घालायचो. वेंकोबारावांच्या गाळ्यावर तर हमखास, कारण कारखान्यातल्या एकानं सांगितलं होतं की अशा ठिकाणी गाडीतल्या बारीकसारीक वस्तूंना पाय फुटतात. त्या दोन्ही शनिवारी चोर माझ्या खिशात होता आणि मी साव माणसाच्या समोर उभा राहून सांगत होतो की नवीन काही लावलं नाही. त्यांनी दोन्ही वेळा विचारलं होतं. मी खोटं बोललो असंही नाही, मला आठवलंच नाही. ज्या माणसावर आपण संशय घेतो त्याच्यापासून लपवलेली वस्तू आपण स्वतःपासूनही लपवतो. मासे न घेताच आम्ही परत आलो.

यामिनी म्हणाली, आजच जा आणि सांग. मी उद्या म्हटलं. चार्जर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला, त्यांना दाखवायला म्हणून. मग कारखान्यात तपासणी आली, मग आईचं आजारपण, मग मे महिना, आणि मे महिन्यात चेन्नईत कोण कुठं जातं. खरं कारण एकच, तोंड नव्हतं. जवळजवळ वर्ष गेलं. अंबत्तूरच्या त्या रस्त्यानं जायचं टाळण्यासाठी मी रोज लांबून वळसा घालून कारखान्यात जायचो. इंजिन चालू केलं की उजव्या गुडघ्याजवळ तो कप्पा असायचा.

शेवटी २००८ च्या जानेवारीत, पोंगलच्या सुट्टीनंतरच्या एका सकाळी, गाडी त्यांच्या गाळ्यासमोर उभी केली. दिव्यांच्या खोक्यांमध्ये ते बसले होते. जरा वाकलेले वाटले. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. चार्जर, खिसा, कारखान्यातल्या माणसाचं बोलणं. त्या दिवशी आवाज मलाही आला नव्हता, हेही सांगितलं. 

त्यांनी हातातला बल्ब पुसून खोक्यात ठेवला. मग म्हणाले, ‘‘मी ऐकलोंच होतों तुम्हांला.’’

विचारलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण माझ्या मराठीत मला ‘विचारलं’ आणि ‘तुमचं ऐकून घेतलं’, दोन्ही ऐकू आलं.

मी म्हटलं, तुम्ही एकदा बसा, मी चार्जर लावतो, तुमचा कान शाबूत आहे हे तुमचं तुम्हालाच कळू दे. ते नको नको म्हणत होते. मी हात धरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं, इंजिन चालू केलं, डेक लावला, कप्प्यातून चार्जर काढून भोकात खोचला आणि त्याला मोबाइल जोडला. त्यांनी डोळे मिटले. मी आरशातून बघत राहिलो, त्या दिवशीसारखाच.

‘‘येतो,’’ ते म्हणाले. ‘‘बारीक आहे, पण येतो.’’

मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझी नजर चार्जरवर गेली. लाल दिवा लागलेला नव्हता. काढला, फुंकर मारली, पुन्हा खोचला. दिवा नाही. मोबाइलवरही काही हलेना. वर्षभर कप्प्यातल्या उन्हानं तो मरून पडला होता, आणि मी, तपासनीस, निघताना तपासला नव्हता. शेजारचा लेथ ऐकू येत होता, रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती. गाडीत कसलाही आवाज नव्हता.

गप्प बसलो असतो तर सगळं गोड होत होतं. कान चांगला आहे या समाधानात ते राहिले असते आणि मीही सुटलो असतो. नसलेला आवाज आहे म्हणायचं, एवढंच करायचं होतं, आणि त्याची मला सवय होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर तो मोह झालाच. मग मी म्हणालो, ‘‘वेंकोबाराव, चार्जर बंद पडलाय. आवाज येत नाहीये.’’ म्हणताना वाटत होतं, या माणसाचा कान मी आज दुसऱ्यांदा मारतोय.

त्यांनी डोळे उघडले. न लागलेल्या दिव्याकडे पाहिलं. ‘‘मलाही नाहीं आला,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हीं इतकें मनाला लावून घेऊन आलांत. रिकाम्या हातीं कसें पाठवूं, म्हणून येतो म्हणालों.’’

पुढे वाकून त्यांनी स्वतःच डेक बंद केला. मग पहिल्या दिवशी बसले होते तसे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

‘‘आतां मी तुम्हांला ऐकतों, सार. आज मी खोटें बोललों तें तुमच्यासाठीं. त्या दिवशीं तुम्हीं कोणासाठीं बोललांत?’’

आवाजात राग नव्हता. बॅटरी कधी बदलली हे ज्या आवाजात विचारलं होतं, तोच. माझ्या ओठांवर पुष्कळ काही आलं. यामिनी ताटकळली होती, लग्नाला उशीर होत होता, तो टेम्पोवाला बघत होता, उकडत होतं. यातलं एकही बाहेर पडेना.

‘‘माझ्यासाठी,’’ मी म्हणालो.

‘‘हां,’’ ते म्हणाले. ‘‘सांपडलें.’’

एवढं बोलून ते उतरले, कारण हॉर्न बसवायला कुणीतरी स्कूटर घेऊन आलं होतं. मला तंबोऱ्याबद्दल विचारायचं होतं. धीर झाला नाही. त्यांनी मात्र निघताना रामनवमीला या म्हणून सांगितलं.

मी गेलो नाही. यामिनी एकटी गेली. परत आली तेव्हा मी दारातच उभा होतो. तिनं चपला काढल्या, प्रसादाचा पुडा माझ्या हातात दिला आणि मी न विचारताच म्हणाली, ‘‘यंत्रच होतं.’’